आमदार, गट आणि आमचे एक मत

कागल तालुक्याला राजकारणाचे विद्यापीठ म्हणतात. हे विद्यापीठ आमच्या महाविद्यालयापेक्षा जुने आहे, आणि त्याच्या प्रवेशाला गुणपत्रिका लागत नाही. जन्म पुरतो. मुलाचे नाव बाराव्या दिवशी ठरते. गट त्याच्या आधीच ठरलेला असतो. मी मुरगूडपासून चार किलोमीटरवरच्या खेड्यातून रोज एस. टी.ने महाविद्यालयात येते. गाडीत शेजारी बसलेली अनोळखी बाई पहिल्यांदा गाव विचारते, मग आडनाव विचारते, आणि तिसऱ्या प्रश्नाला माझ्या घरचा गट तिला समजलेला असतो. मी तो सांगितलेला नसतो.

राज्यशास्त्राच्या तासाला आम्हाला शिकवतात की लोकशाहीत पक्ष असतात, पक्षांना ध्येयधोरणे असतात, मतदार त्यांचा विचार करून मत देतो आणि त्यातून विधिमंडळ बनते. परीक्षेत मी हे उत्तर लिहिले आणि गुणही बरे मिळाले. परंतु लिहिताना आमच्या आजीची आठवण येऊन मला हसू आवरत नव्हते. आजीने लोकसभेला १९९८ साली हात या चिन्हावर शिक्का मारला. १९९९ आणि २००४ साली घड्याळ. २००९ साली एका अपक्षाचे चिन्ह. २०१४, २०१९ आणि २०२४ साली धनुष्यबाण. पाव शतकात चार चिन्हे! पुस्तकाच्या हिशेबाने एवढा चंचल मतदार भारतात सापडायचा नाही. आणि आजीला विचारावे, तर ती म्हणते, "चिन्न कुठलं बी असंना का. आमी मंडलिकाचं." तिच्या हिशेबाने तिने उभ्या जन्मात काही बदललेलेच नाही.

सदाशिवराव मंडलिक यांची कारकीर्द आमच्या पिढीने ऐकूनच जाणली आहे. ते गेले तेव्हा, मार्च २०१५ मध्ये, आम्ही प्राथमिक शाळेत होतो. परंतु मुरगूड परिसरात वाढलेल्या मुलाला ती पाढ्यासारखी पाठ असते. १९७२ साली ते कागलमधून प्रथम विधानसभेवर गेले. आजीचेही विधानसभेचे ते पहिलेच मत. तेव्हा मतदानाचे वय २१ होते. पुढच्या दोन निवडणुकांत, १९७८ आणि १९८० मध्ये, आमदारकी कागलच्या विक्रमसिंह घाटगे यांच्याकडे गेली. मग १९८५, १९९०, १९९५ अशी सलग तीनदा मंडलिकांकडे. मध्ये काही काळ राज्यमंत्रिपद. १९९८ साली ते काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले, १९९९ साली नव्याने निघालेल्या राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे पुन्हा गेले, आणि २००४ साली तिसऱ्यांदा, तेही पंधरा हजारांहून कमी मतांच्या फरकाने. त्या वेळी समोर शिवसेनेचे धनंजय महाडिक होते.

मंडलिक आणि विक्रमसिंह घाटगे यांच्या लढती म्हणजे आमच्या वडिलांच्या पिढीचा धर्मच होता. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांच्या लग्नाला जात नसत असे सांगतात. थोडी अतिशयोक्ती धरली, तरी बरेचसे खरे असावे. एका बाजूला शेतकऱ्याच्या घरातून आलेला रांगडा पुढारी, दुसऱ्या बाजूला जहागिरीचे घराणे. राजर्षी शाहू महाराज मूळचे याच घाटगे घराण्यातले. त्यांचे बंधू पिराजीराव यांच्या नावाचा तलाव मुरगूडच्या उशाला आहे. तलाव घाटग्यांचा आणि गाव मंडलिकांचे, असा हा सगळा मामला. हे दोघे प्रतिस्पर्धी गेलेही एका महिन्याच्या अंतराने. मंडलिक मार्चमध्ये, विक्रमसिंह एप्रिल २०१५ मध्ये. आजी म्हणाली होती, "भांडायला कोन न्हाई म्हनून गेलं."

आता मुद्द्याकडे येते. आमचे एक प्राध्यापक वर्गात म्हणाले की हे सारे व्यक्तिपूजेचे राजकारण आहे आणि मतदार अजून अपरिपक्व असल्याचे ते लक्षण आहे. सरांविषयी मला आदर आहे. परंतु त्यांचे हे मत मला पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

२००९ सालचे उदाहरण घ्या. मंडलिक तीन वेळा खासदार झालेले, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर आलेले. पक्षाने त्यांची उमेदवारी कापली आणि छत्रपती घराण्यातील संभाजीराजे यांना दिली. पक्ष सत्तेत होता आणि जिल्ह्यातले त्याचे मोठमोठे पुढारी अधिकृत उमेदवाराबरोबर होते. मंडलिकांचेच एके काळचे शिष्य हसन मुश्रीफ हेही पक्षाबरोबरच राहिले. प्रचारात मंडलिकांच्या वयावर टीका झाली. या भागातल्या माणसाला म्हाताऱ्याची टिंगल सहन होत नाही, कारण प्रत्येकाच्या सोप्यात एक म्हातारा बसलेला असतो. मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि सुमारे ४५ हजार मतांनी निवडून आले. त्याच वेळी शेजारच्या हातकणंगले मतदारसंघात ऊसदराच्या आंदोलनातून पुढे आलेले राजू शेट्टी यांनीही राष्ट्रवादीच्या उमेदवाराला हरवले. जिल्ह्यातल्या दोन्ही जागांवर मतदारांनी वरून आलेला निर्णय परत पाठवला. हे अपरिपक्वतेचे लक्षण कसे? उमेदवार कोण हे चार माणसांनी बंद खोलीत ठरवायचे, आणि मतदाराने चिन्ह पाहून मान डोलवायची, याला परिपक्वता म्हणायचे काय?

आणि गंमत पुढेच आहे. मे महिन्यात मंडलिक लोकसभेला जिंकले आणि ऑक्टोबरमध्ये कागल विधानसभेला मुश्रीफ जिंकले. सुमारे पाच महिन्यांत या भागाने गुरूही निवडून दिला आणि गुरूच्या विरोधात प्रचार केलेला शिष्यही. आजीला मी हे एकदा विचारले. ती म्हणाली, "दिल्लीचं येगळं, हितलं येगळं." आमच्या पाठ्यपुस्तकात 'विभाजित मतदान' या नावाखाली दीड पान आहे, आजीने ते चार शब्दांत उरकले.

मुश्रीफ यांच्याविषयी याच ओघात लिहायला हवे, कारण कागलच्या आमदारकीचा अलीकडचा सारा इतिहास त्यांचाच आहे. १९९८ साली मंडलिक दिल्लीला गेल्यावर पोटनिवडणुकीत शिवसेनेचे संजयबाबा घाटगे आमदार झाले. वर्षभराने, १९९९ साली, मुश्रीफ निवडून आले, ते आजतागायत सहा वेळा. २०१४ साली सुमारे सहा हजार मतांनी, २०१९ साली सुमारे अठ्ठावीस हजारांनी आणि २०२४ साली साडेअकरा हजारांच्या आसपास मतांनी. फरक पाहिले तर ही काही एकतर्फी मक्तेदारी नव्हे. प्रत्येक वेळी माणूस धापा टाकतच पलीकडच्या काठाला लागलेला आहे. मुसलमान मतदार जिथे अल्पसंख्य आहेत अशा मतदारसंघाने एका मुसलमान उमेदवाराला सहा वेळा विधानसभेत पाठवले. मोठमोठ्या शहरांना अजून जे साधलेले नाही ते या भागाने गाजावाजा न करता केले, याची नोंद व्हावी. मुंबईच्या रुग्णालयांत गोरगरिबांच्या शस्त्रक्रिया करून देणारा माणूस अशी त्यांची ख्याती आहे, आणि ज्याच्या घरातले माणूस असे वाचले आहे त्याला धर्म विचारून पाहा, तो तुम्हालाच वेड्यात काढील.

इथवर मी गटाची वकिली केली. पुढारी पाच कोसांवर राहतो, त्याला रस्त्यात अडवता येते, चारचौघांत शिव्याही देता येतात. पक्ष मात्र मुंबईत नाही तर दिल्लीत. तेव्हा मतदाराने माणूस धरला यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

परंतु आमच्या घरात घडलेली एक गोष्ट मला वकिली थांबवायला लावते. काही वर्षांपूर्वी गावच्या विकास सेवा सोसायटीच्या निवडणुकीत माझ्या वडिलांनी दुसऱ्या गटाच्या उमेदवाराच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली. तो त्यांचा शाळासोबती. बस, एवढेच. त्या हंगामात आमच्या उसाला तोड मिळेना. आडसाली लागण, नोंद वेळेवर केलेली, शेजारच्या फडात टोळी येऊन गेली आणि आमचा ऊस तसाच उभा. चिटबॉय भेटला की गोड बोलायचा, "उद्या येत्यात बगा." उसाला तुरे आले. फेब्रुवारी संपला. मार्चमध्ये तोड झाली तेव्हा एकरी वजन किती घटले याचा हिशेब वडील अजून करतात. कोणत्या कारखान्याची गोष्ट, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. मुद्दाम झाले असेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. टोळ्या कमी होत्या हेही खरे. परंतु गावात एकाही माणसाला दुसरे कारण सुचले नाही, आणि पुढच्या निवडणुकीत वडिलांनी कोणाच्याही अर्जावर सही केली नाही. भीती घालायला कोणी घरी आले नव्हते. उभा ऊसच पुरेसा झाला.

गटाला जोर येतो तो इथून. या भागातल्या पुढाऱ्यांची नावे आणि कारखान्यांची नावे शेजारी शेजारी मांडून पाहा. कागलला विक्रमसिंह घाटगे यांचा शाहू कारखाना, हमीदवाड्याला मंडलिकांचा, बेलेवाडी काळम्म्याला मुश्रीफांच्या कुटुंबाचा संताजी घोरपडे, केनवड्याला संजयबाबांचा. कारखाने निघाले म्हणून घराघरांत पैसा आला, आमच्यासारख्या मुली पदवीपर्यंत आल्या, हे मी विसरत नाही. परंतु ज्याच्या हाती उसाची तोड, त्याच्याच हाती मत मागणारी जोडलेली बोटे असली, तर नमस्कार आणि धाक यांतला फरक ओळखणे कठीण जाते.

मुलींच्या बाबतीत तर आणखी एक गमतीदार गोष्ट आहे. गमतीदार म्हणते, कारण दुसरा शब्द सापडत नाही. लग्न झाले की मुलीचे आडनाव बदलते तसा गटही बदलतो. माझी चुलत बहीण तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या गटाच्या घरात पडली. जन्मापासून ज्यांच्या नावाने बोटे मोडली त्यांच्या सभेला ती आता सासूबरोबर जाते, आणि माहेरी आली की दोन्ही विषय टाळून भाजीपाल्याच्या भावावर बोलते. तिला कोणी विचारले नाही. मुलीला विचारत नाहीत हे तर जुनेच. परंतु मला हल्ली असे वाटू लागले आहे की गटातल्या पुरुषांना तरी कोण विचारते?

गेल्या काही वर्षांचा हिशेब पाहा. संजय मंडलिक २०१४ साली शिवसेनेतून उभे राहिले आणि पडले. त्यांना पाडणारे धनंजय महाडिक तेव्हा राष्ट्रवादीत होते. हेच महाडिक दहा वर्षांपूर्वी शिवसेनेतून थोरल्या मंडलिकांविरुद्ध लढले होते. म्हणजे दोघांनी खुर्च्यांची अदलाबदल केली आणि मतदार आपापल्या माणसामागे पलीकडे गेले. २०१९ साली संजय मंडलिक पावणेतीन लाखांच्या जवळपास मताधिक्याने खासदार झाले. २०२२ साली शिवसेना फुटली तेव्हा ते एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. जुलै २०२३ मध्ये मुश्रीफ हे शरद पवारांना सोडून अजित पवारांबरोबर सरकारात गेले. विक्रमसिंहांचे चिरंजीव समरजितसिंह आधी भाजपमध्ये होते, २०१९ साली अपक्ष लढले आणि २०२४ साली शरद पवारांकडे आले. त्यामुळे २०२४ च्या विधानसभेला कागलात घड्याळ विरुद्ध तुतारी वाजवणारा माणूस असा सामना झाला, आणि इतकी वर्षे मुश्रीफांशी लढलेले संजयबाबा घाटगे त्या वेळी मुश्रीफांच्याच व्यासपीठावर होते. आणि या सर्वांवर कळस म्हणजे २०२५ च्या अखेरीस कागल नगरपरिषदेच्या निवडणुकीत मुश्रीफ आणि समरजितसिंह एकत्र आले! वर्षभरापूर्वी ज्यांच्यासाठी कार्यकर्त्यांनी भावकी तोडली ते दोघे शेजारी शेजारी बसले. कार्यकर्त्यांची भावकी मात्र तुटलेलीच राहिली. वरच्यांची युती व्हायला एक बैठक लागते, खालच्यांचा अबोला सुटायला एक पिढी.

२००९ आणि या सर्व घटना वरवर सारख्या दिसतात. दोन्हींकडे मतदार चिन्ह सोडून माणसामागे गेला. माझ्या मते त्यांत मूलभूत फरक आहे. २००९ साली मंडलिक पक्ष सोडून आधी मतदारांपुढे उभे राहिले. निर्णय मतदारांनी दिला आणि मग ते लोकसभेत गेले. पुढे ते काँग्रेसचे सहयोगी सदस्य म्हणून राहिले, पण पक्षात गेले नाहीत. जाताही आले नसते. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे अपक्ष निवडून आलेला सदस्य नंतर एखाद्या पक्षात शिरला तर त्याचे सदस्यत्व जाते. मतदाराने ज्याला अपक्ष म्हणून पाठवले त्याने अपक्षच राहावे, इतका साधा अर्थ. आता २०२२ आणि २०२३ पाहा. तिथे क्रम उलटा आहे. मत आधी घेतले, पक्ष नंतर बदलला. कायद्याच्या कोर्टात त्याला काय नाव मिळते तो वकिलांचा विषय. आमच्या गावच्या चावडीवर त्याला एकच नाव आहे, आणि ते या नियतकालिकात छापता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, २०२४ साली मतदारांनी हिशेब चुकता केलाच की. काही अंशी केला. मे महिन्याच्या लोकसभेला संजय मंडलिक शाहू छत्रपतींकडून दीड लाखाहून अधिक मतांनी पडले. थोरल्या मंडलिकांनी २००९ साली ज्यांचा पराभव केला त्या संभाजीराजांचे हे वडील. पंधरा वर्षांनी वडिलांनी मुलाची परतफेड मुलाकडूनच वसूल केली, असे आमच्याकडे गमतीने म्हणतात. परंतु नोव्हेंबरमध्ये मुश्रीफ निवडून आले. तेव्हा पक्षांतराला मतदारांनी शिक्षा दिली म्हणावे की माफी दिली म्हणावे? मला तरी यातून एक वाक्य काढता येत नाही.

मला खटकते ते निराळेच. आमदार हा विधिमंडळाचा सदस्य असतो, ही गोष्ट आम्ही जवळजवळ विसरलो आहोत. तो मयताला आला का, लग्नाला आला का, समाजमंदिराला निधी दिला का, हे प्रत्येकाला तोंडपाठ असते. त्याने सभागृहात कोणता प्रश्न विचारला, कोणत्या विधेयकावर तो बोलला, हे मी आमच्या गल्लीत चौदा घरी विचारले. एकालाही सांगता आले नाही. दोघांनी मलाच विचारले की तुला कुणी पाठवलंय. विधानसभेची कार्यवाही छापली जाते, ती कोणालाही वाचता येते. आमच्या राज्यशास्त्र मंडळाने दर अधिवेशनानंतर कागलच्या आमदारांनी काय विचारले, काय बोलले, ते उतरवून भित्तिपत्रकावर लावावे, अशी माझी सूचना आहे. पुढारी कोणत्या गटाचा, याची त्यात नोंद नको. १९७२ पासूनचे आमदार घेतले तरी नावे चारच आहेत. एका वर्गाच्या मुलांनी वाटून घेतले तर एका वर्षात होईल. ही सूचना मी मंडळाच्या बैठकीत मांडली तेव्हा एका मित्राने कानात विचारले, "सुरुवात कुणापासनं करायची? ज्याच्यापासनं करशील त्याच्या इरोधातली हायस म्हनतील." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी म्हटले, अकारविल्हे करू.

माझे स्वतःचे पहिले मत ७ मे २०२४ रोजी झाले आणि दुसरे २० नोव्हेंबरला. दोन्ही वेळा आजीला हाताला धरून मीच केंद्रावर नेले. मे महिन्यात परत येताना वडिलांनी विचारले, "कुणाला?" मी सांगितले नाही. त्यांना वाटले मी चेष्टा करते. दुसऱ्या दिवशी काकांनी विचारले. त्यांनाही सांगितले नाही. काका महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, कारण त्यांच्या मते न सांगणे म्हणजे सांगितल्यासारखेच. नोव्हेंबरला तर घरात सगळेच माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी जेवणाचे ताट घेऊन स्वयंपाकघरात आजीजवळ जाऊन बसले.

आजीने विचारले नाही. ताटात भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "सांगू नगंस. म्या बी एकदा न्हवतं सांगितलं." कोणत्या साली, ते तिला नक्की आठवत नाही, अठ्याहत्तर असेल किंवा ऐंशी. त्या खेपेला तिने राजांना मत दिले होते. आजोबांना ते शेवटपर्यंत कळले नाही. का दिले, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली की तेही तिने कोणाला सांगितलेले नाही, आणि ताक हवे का म्हणून विचारले.

— बी. ए. भाग ३ (राज्यशास्त्र)